अंगणातील श्वान आणि माळावरील लांडगा

हौशी छायाचित्रकार जेव्हा कोणा जाणत्याचा सल्ला घेण्यास येतो, तेव्हा त्याच्या तोंडी पहिला प्रश्न बहुधा 'कोणता कॅमेरा घेऊ?' हाच असतो. कोणत्या प्राण्याचे, किती अंतरावरून, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि कशासाठी छायाचित्र घ्यावयाचे आहे, याचा विचार त्याने क्वचितच केलेला असतो. प्रस्तुत पुस्तकाचा आरंभ या मागे राहिलेल्या प्रश्नांपासून होतो, आणि त्यांची उत्तरे वाचकाच्या अंगणात, गल्लीच्या तोंडाशी किंवा शेतावरच्या खोपीजवळ निजलेल्या कुत्र्याच्या सान्निध्यात शोधली आहेत. ज्याला ताडोब्याचा वाघ अथवा सासवडच्या माळावरचा लांडगा टिपावयाचा आहे त्याने निदान एक वर्षभर कुत्र्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मोठ्या भिंगाची खरेदी त्या वर्षाच्या अखेरीस करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कोणत्या आधारावर बनले याची कैफियत या प्रस्तावनेत मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या देशात या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांच्याकडे पाहिले असता साधनांची विपुलता त्यांच्या वाट्याला कधीच आली नव्हती असे दिसते. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघांच्या रात्रीच्या वाटा पायी हिंडून हेरल्या, त्या वाटांवर बारीक तार अंथरली आणि वाघाचा पाय तारेला लागताच कॅमेऱ्याची झडप उघडून प्रकाश पडावा अशी तजवीज केली. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड' या त्यांच्या ग्रंथातील चित्रे या परिश्रमाचे फळ होत. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण प्रत्येक वाघाची निराळी असते, हेही त्यांनी याच चित्रांच्या आधारे दाखविले. मद्रासचे एम. कृष्णन यांनी निरनिराळ्या यंत्रांचे भाग जुळवून आपल्या हातांनी सिद्ध केलेल्या एका अवजड उपकरणास 'सुपर पॉन्डेरोसा' असे नाव दिले होते, आणि कृष्णधवल फिल्मवर त्यांनी हत्तींचे जे दर्शन घडविले त्याची बरोबरी आजच्या रंगीत चित्रांपैकी थोडीच करू शकतील. हेच कृष्णन १९५० पासून १९९६ पर्यंत 'द स्टेट्समन' या वृत्तपत्रात निसर्गविषयक सदर लिहीत होते, ही गोष्ट मला त्यांच्या कॅमेऱ्याच्या घडणीहून अधिक महत्त्वाची वाटते. जो मनुष्य सेहेचाळीस वर्षे प्राण्यांविषयी लिहितो, त्याला कॅमेरा डोळ्याशी नेण्यापूर्वीच पुढे काय घडणार याची चाहूल लागलेली असते.

ही चाहूल लागण्याचे शिक्षण कुत्र्यापाशी मिळते, आणि त्याला प्राणिशास्त्राचा आधार आहे. लांडगा, कोल्हा, खोकड, रानकुत्रा हे सर्व श्वानकुळातील होत. त्यांतही लांडगा हा कुत्र्याचा इतका निकटचा आप्त की दोघांची संतती पुढे प्रजननक्षम निपजते. कानांची ठेवण, शेपटीची उंची, मानेवरच्या केसांचे उभे राहणे, जांभई, अंग झाडणे, पुढचे पाय लांब करून कंबर उंच धरण्याची खेळाची हाक, ही सारी भाषा थोड्याबहुत फरकाने या कुळात समान आहे. उन्हाळ्याच्या दुपारी कडुनिंबाच्या सावलीत निजलेल्या गावठी कुत्र्याकडे कोणी अर्धा तास लक्षपूर्वक पाहील तर त्याला असे आढळेल, की डोळे मिटलेले असताही एक कान वाटेच्या दिशेने फिरत असतो. कोणी अनोळखी येऊ लागला की प्रथम तो कान स्थिरावतो, मग दुसरा त्याच्या जोडीला येतो, मग नाकपुड्या हलतात आणि सर्वांच्या शेवटी डोळे उघडतात. उठण्यापूर्वी मागच्या पायांचे पंजे मातीत किंचित रुततात. दोन्ही कान एका दिशेस लागल्यापासून तो देह उठेपर्यंतचा जो अल्प अवकाश असतो, त्यातच उत्तम छायाचित्राची संधी असते. ज्याच्या बोटाला हा अवकाश अंगणात ओळखीचा झाला, त्याला तो माळावरही ओळखू येतो. ज्याला तो ओळखता येत नाही त्याच्या यंत्राने एका सेकंदात वीस चित्रे घेतली तरी त्यांतील बहुतेक चित्रे प्राणी उठून चालू लागल्यानंतरची असतात.

धावणाऱ्या कुत्र्याचा विषय याहून मोठा आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे एक अद्वितीय जनावर उपलब्ध आहे. कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ या जुन्या संस्थानाच्या नावाने जो हाउंड देशभर ओळखला जातो, आणि २००५ साली टपालखात्याने ज्याचे तिकीट काढले, त्यालाच आपल्या लोकांत कारवानी म्हणतात. सशामागे धावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला, लांब मुखाचा, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा हा कुत्रा वेगाच्या अभ्यासासाठी दुसरा नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने बारा कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची चित्रे घेतली, तेव्हा घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे जगाला प्रथम दिसले. पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उडणारा घोडा चित्रकार शतकानुशतके रंगवीत आले होते, तो खोटा ठरला. परंतु घोड्याच्या बाबतीत असत्य ठरलेली ती मुद्रा कारवान्याच्या बाबतीत सत्य आहे. या जातीचा कुत्रा भरधाव असताना प्रत्येक झेपेत दोन वेळा अधांतरी असतो, एकदा पाय गोळा करून आणि एकदा ते पूर्ण ताणून. पाठीचा कणा धनुष्याप्रमाणे वाकतो आणि उलगडतो. यांतील कोणता क्षण आपणास हवा आहे हे आधी ठरविल्यावाचून शटरचा वेग ठरविता येत नाही. कुत्रा ताशी ५० किलोमीटर वेगाने आपल्यासमोरून आडवा धावत आहे असे धरले तर तो सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात तो जवळजवळ ३ सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि दोन हजाराव्या भागात सुमारे ७ मिलिमीटर. पुढे झेपावणारे पंजे तर धडाहूनही वेगाने जातात. सबब, अशा दौडीसाठी १/२००० हा वेग ही चैन नसून गरज आहे. त्याऐवजी कोणी १/६० ठेवून कुत्र्याच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवीत नेला आणि मागची हिरवळ रेषांत विरघळू दिली, तर तोही एक सुंदर मार्ग आहे. मधला १/२५० मात्र बहुधा दोन्ही बाजूंनी दगा देतो.

या जातीच्या लांब मुखाने दुसराही एक धडा मिळतो. ८५ मिलिमीटरचे भिंग पूर्ण आकाराच्या सेन्सरवर लावून दोन मीटरांवरून कुत्र्याची समोरून प्रतिमा घेतली आणि छिद्र १.८ इतके मोकळे ठेवले, तर स्पष्टतेची खोली जेमतेम ६ सेंटिमीटर भरते. म्हणजे डोळे रेखीव उतरले की नाक धूसर होते. छिद्र ४ वर आणले की ही खोली सुमारे १३ सेंटिमीटर होते आणि मुखाचा बहुतेक भाग तिच्यात सामावतो. विक्रेत्याच्या तोंडून 'पार्श्वभूमी किती छान धूसर होते' हे ऐकून मोठ्या छिद्राच्या भिंगासाठी दुप्पट पैसा मोजणाऱ्या हौशी मनुष्याने हे गणित खरेदीपूर्वी एकदा करून पाहावे. पुढे रानात ४०० मिलिमीटरच्या भिंगाने दहा मीटरांवरच्या प्राण्यावर रोख धरताना, छिद्र ५.६ असले तरी, खोली पुन्हा अवघी वीतभर उरते. तेव्हा डोळ्यावरच फोकस ठेवण्याची सवय कुत्र्यावर घडली असेल तर ती तेथे उपयोगी पडते. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्याचा डोळा आपण होऊन शोधणारी जी प्रणाली आहे, तिचा आरंभही घरगुती प्राण्यांपासूनच झाला. निकॉनने २०२० साली आपल्या झेड मालिकेतील कॅमेऱ्यांना ही सोय दिली तेव्हा ती कुत्रा आणि मांजर या दोघांपुरतीच होती.

रंगाचा प्रश्न असाच जोडीने येतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. त्यामुळे चौकट व्यापणारा काळा कुत्रा राखाडी उतरतो आणि पांढरा कुत्रा मळकट. काळ्यासाठी प्रकाश थोडा उतरवावा व पांढऱ्यासाठी थोडा चढवावा, हा नियम सर्वांना पाठ असतो. परंतु काळ्या कुत्र्याचे चार पंजे पांढरे असले म्हणजे त्याच नियमाची कसोटी लागते, कारण पंजे सांभाळावे तर अंग काळोखात जाते आणि अंग उजळावे तर पंजे करपतात. राधानगरी अभयारण्यात दाजीपूरच्या बाजूस सायंकाळी रानातून बाहेर येणारा गवा हाच प्रश्न हजार किलोंच्या आकारात समोर उभा करतो: काळेभोर अंग, आणि गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. ज्याने अंगणातल्या काळ्या कुत्र्याला उन्हातून सावलीच्या कडेस आणून, बाजूने येणाऱ्या मऊ प्रकाशात त्याच्या केसांची वळणे उठविण्याचा सराव केला आहे, त्याला गव्याला कोठे थांबू द्यावे आणि कोणत्या क्षणाची वाट पाहावी हे सांगावे लागत नाही. प्रतिमा रॉ स्वरूपात घेतल्यास पंजे आणि अंग या दोहोंतील तपशील बऱ्याच अंशी पुढे काढता येतो, म्हणून हौशी मनुष्याने पहिल्या दिवसापासून तोच शिरस्ता ठेवावा.

आता साधनांकडे वळू. ज्याचे अंदाजपत्रक मर्यादित आहे, आणि बहुतेकांचे ते तसेच असते, त्याने पैशाचा मोठा वाटा भिंगावर खर्च करावा आणि कॅमेरा एक पिढी जुना, वापरलेला का होईना, चांगल्या स्थितीतला घ्यावा. कॅमेऱ्याची देहयष्टी चार वर्षांत जुनी होते. चांगले भिंग पंधरा-वीस वर्षे सेवा देते. कुत्र्यांसाठी ८५ मिलिमीटरचे १.८ छिद्राचे साधे भिंग पुरेसे आहे, आणि अधिक ऐपत असल्यास ७०-२०० मिलिमीटरचे २.८ छिद्राचे भिंग घरापासून ताडोब्याच्या पहाटेपर्यंत सर्वत्र उपयोगी पडते. २.८ आणि ५.६ यांत दोन पायऱ्यांचे अंतर आहे, म्हणजे चौपट प्रकाशाचे. पहाटेच्या ज्या उजेडात पहिल्या भिंगाने १/५०० मिळतो त्याच उजेडात दुसऱ्याने १/१२५ वर समाधान मानावे लागते. वन्यप्राण्यांसाठी सर्वसामान्य हौशी मनुष्याने १००-४०० मिलिमीटरचे भिंग घ्यावे असे मी सुचवीन. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर त्याचा दृष्टिकोन ६०० मिलिमीटरच्या भिंगासारखा अरुंद होतो, ते दोन्ही हातांत धरून तासभर वागविता येते, आणि जिप्सीपासून पंधरा मीटरांवर वाघ आला तर तो चौकटीतही मावतो. १५०-६०० किंवा २००-६०० मिलिमीटरची भिंगे पक्षीनिरीक्षकाला निःसंशय हवीत. भिगवणच्या जलाशयावर नावेतून रोहित किंवा मोरघार टिपणाऱ्यास ४०० मिलिमीटर अपुरे वाटणारच. परंतु ती वजनाने दोन किलोंच्या घरात जातात, आणि दोन किलोंचे ओझे धरून थकलेला हात ऐन वेळी खाली असतो. १.४ पटीचा विस्तारक लावून काम भागविण्याचा मोह होतो; तो प्रकाशाची एक पायरी खातो, दोन पटीचा दोन पायऱ्या खातो, आणि साध्या भिंगावर दोन्ही प्रतिमेची धार बोथट करतात.

आयएसओ वाढविण्याची भीती बाळगू नये. आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर येणारे दाणे आजच्या संगणकीय साधनांनी पुष्कळ निवळता येतात. हललेल्या प्रतिमेला मात्र उपाय नाही. तिकाटण्याचा मोठा खर्च सफारीसाठी करणे व्यर्थ होय, कारण जिप्सीत ते उभे राहत नाही. तेथे वाळू, तांदूळ किंवा मुगाने भरलेली, दणकट कापडाची शिवून घेतलेली पिशवी गाडीच्या कडेवर टाकून तिच्यावर भिंग टेकवावे. कुत्र्यांसाठी तर तिकाटणे अडचणच ठरते. तेथे जमिनीवर मांडी घालून, प्रसंगी पोटावर निजून, आपला डोळा कुत्र्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणणे हेच मुख्य साधन. उभ्याने घेतलेल्या चित्रांत कुत्र्याचे डोके मोठे आणि पाय खुरटे दिसतात, आणि त्याच्या मुद्रेत वर पाहण्याची लाचारी येते, जी त्याच्या स्वभावात नसते.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी साधनांच्या जपणुकीस खरेदीइतकेच महत्त्व द्यावे. पावसाळ्यात भिंगाच्या आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप कुरतडते. चामड्याचे सुंदर वेष्टन, जे पूर्वी प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई, तेच ओल शोषून बुरशीला आश्रय देते. भिंग त्यात कोंडून कपाटात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी तापवून कोरडे करावे, किंवा सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणारी विजेची पेटी घ्यावी. आणि दर आठवड्यास भिंग बाहेर काढून वापरावे, कारण वापरातल्या भिंगावर बुरशी सहसा धरत नाही.

देशावरच्या माळरानाची अडचण निराळी आहे. सासवड, जेजुरी, सुपे, कडबनवाडी या पट्ट्यात चिंकारा, खोकड, धाविक आणि लांडगा यांचे दर्शन घडू शकते, आणि आपल्या लोकांनी 'पडीक' म्हणून हिणविलेली ही भूमी माझ्या मते छायाचित्रकारासाठी व्याघ्रप्रकल्पांहूनही समृद्ध आहे. परंतु सकाळचे नऊ वाजले की जमीन तापते, हवेच्या लाटा उठू लागतात आणि त्यांतून दूरचा प्राणी पाण्यात बुडाल्यासारखा थरथरतो. अशा वेळी कितीही महागडे भिंग रेखीव चित्र देत नाही. दोष भिंगाचा समजून ते दुरुस्तीस देणारे लोक मी पाहिले आहेत. सूर्योदयापासूनचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास एवढाच तेथील कामाचा दिवस.

या सर्वांहून महत्त्वाचा मामला वर्तनाचा आहे, आणि येथे माझी भूमिका कठोर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २८ अन्वये अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगी देण्याची तरतूद आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच अधिनियमातील 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत प्राण्याला हाकणे, त्याला आमिष दाखविणे, तसेच पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांस वा घरट्यांस बाधा आणणे यांचाही समावेश आहे, हे फार थोडे जाणतात. चांगल्या चित्रासाठी लांडग्याच्या वाटेवर मांस टाकणारा, खोकडाच्या बिळाभोवती गाडी फिरवून पिलांना बाहेर येण्यास भाग पाडणारा किंवा घरट्यापुढची फांदी 'आड येते' म्हणून तोडणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीनेही शिकाऱ्याच्या पंक्तीत बसू शकतो. फांदी गेली की पिलांवर ऊन येते आणि घारीची नजरही येते. चित्र घेणारा तोवर घरी पोहोचलेला असतो. रात्री पिंगळ्याच्या किंवा घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे आणि ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला विणीच्या काळात वारंवार बोलावणे, या दोन्ही प्रथा मी सर्वस्वी त्याज्य मानतो. कुत्र्यालाही हेच लागू आहे: कान मागे पाडून, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवीत, ओठ चाटणारा कुत्रा भ्यालेला असतो, त्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा आणि दोन पावले मागे सरावे.

कुत्र्यावर ज्याचे प्रेम आहे त्याला आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्य समजतो. माळरानावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या चिंकाऱ्याची पाडसे मारतात, लांडग्यांत डिस्टेंपरसारखे रोग पोहोचवितात, आणि त्यांच्याशी संकर होऊन लांडग्याचे शुद्ध रक्तच नाहीसे होण्याचा धोका उभा करतात. पुणे जिल्ह्यात असा संकर आढळलाही आहे. म्हणून आपला पाळलेला कुत्रा, तो कितीही आज्ञाधारक असो, माळावर सोबत नेऊ नये, आणि गल्लीतल्या ज्या कुत्र्यांनी आपल्याला ही विद्या शिकविली त्यांच्या लसीकरणाचा व निर्बीजीकरणाचा खर्च साधनांच्या अंदाजपत्रकात पहिल्याच रकान्यात लिहावा.

पुस्तकात शटरचा वेग, छिद्रमान आणि अंतर यांची जी कोष्टके दिली आहेत ती वाचकांनी आपापल्या कॅमेऱ्यावर पडताळून घ्यावीत. निरीक्षण, प्रकाश, गती आणि वर्तन या विषयांची प्रकरणे आधी आली आहेत, आणि खरेदीचे प्रकरण बुद्ध्याच अखेरीस ठेवले आहे. पहिल्या चार प्रकरणांतील अभ्यास घराजवळच्या कुत्र्यांवर, हाती असेल त्या कॅमेऱ्याने, भ्रमणध्वनीतल्या का होईना, पुरा केल्यावाचून ते उघडू नये, अशी वाचकांस आग्रहाची विनंती आहे.